कठड्यावरचा गालिचा

मिस्बाहने गादीला शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि गादी उलटवून तिच्यावरून हात फिरवला. तेवढ्यात फिक्री न्हावी जिना चढून गिऱ्हाइकाच्या घराच्या गच्चीवर आला. कमरेला कामाचा पांढरा फडका तसाच होता, फडक्यावर कुणाचे तरी केस होते. दुकान उघडं टाकून फिक्री कधी रस्तासुद्धा ओलांडत नसे.

"उस्ताद, चल," तो म्हणाला. "बदीआवहिनी पडल्या."

"जिन्यात?"

"बाल्कनीतून."

मिस्बाहने आधी सुई शोधली. कुणाच्या पायात जायला नको म्हणून ती टोपीत खोचली आणि मग उठला.

टॅक्सीत फिक्री सांगत होता. नेहमीसारखा रोटीवाला खाली उभा होता. वहिनींनी टोपली सोडली, त्याने रोट्या घातल्या, वहिनी दोरी ओढायला वाकल्या आणि कोपऱ्यातला कठडा भिंतीतून सुटून त्यांच्याबरोबरच बाहेर आला. हे सांगताना फिक्री रडत होता. मिस्बाहने त्याला रुमाल दिला. इस्पितळात पोचले तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. नर्सने बदीआच्या बांगड्या आणि एक चप्पल कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली.

संध्याकाळी तो घरी आला. चुलीवरचं भांडं कुणीतरी घासून पालथं घातलं होतं. तो सरळ बाल्कनीत गेला. कठडा जागेवर होता. त्याच्यावर घरातला लाल गालिचा वाळत घातल्यासारखा टाकलेला होता. मिस्बाहने गालिच्याचं टोक उचललं. कोपऱ्यातली लोखंडी सळई भिंतीत बसवून भोवती प्लास्टर थापलेलं होतं. त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला. प्लास्टर अजून ओलं होतं.

गालिचा टाकायची युक्ती त्यांच्या इमारतीत जुनी होती. मालक हाजी फरघली वर्षानुवर्षं दुरुस्ती करत नव्हता. सांडपाण्याचा नळ फुटून भिंतीत पाणी मुरत होतं. भाडेकरूंनी वर्गणी काढून नळवाला आणला, तर हाजीने पोलीस आणून काम थांबवलं. मालकाच्या सहीशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. सही मागायला मिस्बाह गेला होता तेव्हा हाजी हसून म्हणाला होता, "तुमच्या सगळ्या इमारतीच्या भाड्यात माझ्या घरचे टोमॅटो येत नाहीत, उस्ताद. सिमेंट कुठून आणू?"

हाजीला दुरुस्ती नकोच होती. त्याला हवा होता इमारत धोकादायक असल्याचा दाखला. तो मिळाला की जुने भाडेकरू एका हुकमात रस्त्यावर, आणि जागा मोकळी. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याने पालिकेचा इंजिनिअर पाठवला, आणि त्या सकाळी इमारतीतल्या सगळ्या बायकांनी गालिचे धुवायला काढले. जिथे तडा तिथे गालिचा. बदीआने तर इंजिनिअरला बाल्कनीकडे पाठ करून बसवलं, पुदिन्याचा चहा दिला. एवढी धुलाई कसली, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रमजान आलाय ना साहेब. तुमच्या घरी नाही का येत?" इंजिनिअर हसला, चहा पिऊन गेला. त्या रात्री सगळ्या मजल्यांवर बदीआचीच गोष्ट चालली होती.

दफन झालं. गल्लीत खुर्च्या मांडल्या, कुराण म्हणायला कारी आला, बिनसाखरेची कॉफी फिरली. तिसऱ्या संध्याकाळी लोक पांगल्यावर समोरच्या घरातली उम्म नादिर ताट झाकून घेऊन आली. तिच्या मागे फिक्री होता. दोघं बसेनात.

पोलिसांनी काय लिहून घेतलं ते फिक्रीने जमिनीकडे बघत सांगितलं. बाईंना साखरेचा आजार, भोवळ आली, तोल गेला. रोटीवाल्याचाही तसाच जबाब झाला होता. आता फक्त नवऱ्याचा राहिला होता.

"प्लास्टर तू लावलंस?" मिस्बाहने विचारलं.

"हो."

"ती खाली पडलेली असताना?"

"तुला आणायला येण्याआधी नाही, उस्ताद. अल्लाची शपथ. तुला तिथे सोडलं आणि परत येऊन लावलं. पोलीस यायचे होते."

उम्म नादिर मध्ये पडली. आपल्या घरातून हसण्याचा आवाज येतोय तो ऐक, असं ती म्हणाली. तिची थोरली मुलगी जन्मापासून अंथरुणात होती. टाळ्या वाजवायची आणि हसायची, एवढंच तिला येत होतं. बदीआ रोज दुपारी तिचे केस विंचरून द्यायची.

"तिला उचलून मी कुठे जाऊ, भाऊ?" उम्म नादिर म्हणाली. "बदीआ असती तर तिने मला हे बोलायची वेळसुद्धा आणली नसती."

मिस्बाहने ताट घेतलं आणि दार लावलं. भात त्याने खाल्ला. तिखट जास्त होतं. बदीआ नेहमी म्हणायची, उम्म नादिरचा हात मिरचीवर सैल आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाजी फरघली आला. जिना चढून धाप लागली होती. त्याने दाराशी चपला काढल्या, मृताच्या नावाने फातिहा म्हटला, डोळे पुसले. मिस्बाहने त्याला बसायला सांगितलं नाही. तो आपणहून बसला.

"तू माझी गचांडी धरशील असं वाटलं होतं," हाजी म्हणाला.

मिस्बाह दाराशीच उभा राहिला.

"मी रस्त्यावरून पाहिलं, कठड्यावर गालिचा आहे. हिवाळ्यात होता तोच." हाजीने आवाज खाली आणला. "तक्रार कर माझ्यावर."

मिस्बाहने मान वर केली.

"खरं ते सांग. कठडा सुटला, मालकाने दुरुस्ती केली नाही. सगळं सांग. वकिलाशी बोललोय मी. दंड होईल, फार तर स्थगित शिक्षा. या वयात मला आत कोण टाकतंय? दंड मी भरीन, वर तुलाही देईन. पण पाहणी होईल, आणि मग जे व्हायचं ते होईल."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तरी तुला जावंच लागणार आहे, उस्ताद. घराचा भाडेकरार तिच्या वडिलांच्या नावावर होता, कायद्याने तिच्याकडे आला. तिच्यापुढे तो जात नाही. तू या घरात पाहुणा आहेस. मग कुणासाठी खोटं बोलतोस? बायकोच्या जिवापेक्षा तुला शेजारी मोठे?"

शेवटचं वाक्य त्याने हळू, जवळजवळ मायेने म्हटलं. मिस्बाहला त्यातला एकही शब्द खोटा म्हणता येईना.

"उठा हाजी," तो म्हणाला. "चपला घाला."

हाजी गेल्यावर तो बाल्कनीत गेला. गालिचा ओढून काढला, घडी केला, आत नेऊन ठेवला. प्लास्टर आता वाळलं होतं. सळईभोवतीची फिक्रीची बोटं त्यात उमटलेली दिसत होती. मिस्बाहने सळई धरून हलवली. ती हलली. आणखी एका हिसक्याने हातात आली असती.

समोरच्या घरात मुलगी टाळ्या वाजवून हसत होती. कुणी काही बोलत नव्हतं, नुसती ती हसत होती.

त्याने सळई सोडली. जरा वेळाने आतून गालिचा आणला आणि कठड्यावर टाकला. मग पुन्हा काढला. खालून रोटीवाल्याने वर पाहिलं आणि गाडी न थांबवता पुढे नेली.

संध्याकाळी फिक्री दाराशी येऊन सांगून गेला की चौकीतून परत निरोप आला आहे. बदीआची टोपली आणि दोरी तिथेच आहे, जबाब दिला की सही करून घेऊन जा म्हणाले. काय जबाब देणार, ते फिक्रीने विचारलं नाही.

टोपली आणायची अजून राहिली आहे.