सर अंगात येतात

अक्षदा एकतिशीची, पण देवानं बांधा दिला होता नववी ‘ब’चा. समुपदेशनाची रीतसर पदवी होती, अनुभव होता. तरी अंबरनाथ पूर्वेला संस्थेच्या समुपदेशनाच्या खोलीत जो येई तो आधी विचारी, “मॅडम कुठं गेल्या, बाळ?”

खोली पूर्वी शंकरराव सरांची, लोकांना सल्ला तेच देत. पांढऱ्या झुपकेदार मिशा, भरदार पोट आणि विहिरीतून आल्यासारखा आवाज. पदवी नव्हती, पण पोट होतं, लोक ऐकत. गेल्या वर्षी ते वारले आणि संस्थेनं त्यांचा हार घातलेला फोटो अक्षदाच्या खुर्चीमागे, बरोबर तिच्या डोक्यावर टांगला. तेव्हापासून लोक आपलं दुःख फोटोला सांगत आणि प्यायला पाणी तिच्याकडे मागत.

चामटोलीच्या मोतीबाई लेकाला घेऊन आल्या. भावेश आनंदनगरला कंपनीत. सोबतचा जितेश मशीनमध्ये सापडून गेला, तेव्हापासून याला झोप नाही, तोंडातून शब्द नाही. अक्षदानं नाना परींनी विचारून पाहिलं. शेवटी मोतीबाईच उठल्या.

“चल रं. पोरीसोरींचं काम नाय हे. भगताकडं नेते तुला.”

भगत म्हणजे दोरखंड आणि मिरच्यांची धुरी. अक्षदा घाबरली. तिनं वर फोटोकडे पाहिलं, डोळे मिटले आणि जाड आवाजात म्हणाली, “सर म्हणतात, त्याला बांधायचं नाही. दर मंगळवारी इथं आणायचं.”

मोतीबाईंनी मटकन बसून हात जोडले. “सर अंगात येतात गो तुज्या?”

नाही म्हणायला हवं होतं. पोरगा वाचेल म्हणून ती गप्प राहिली.

पुढच्या मंगळवारी जिन्यात रांग. नारळ, अगरबत्त्या. बाळ म्हणायची कुणाची टाप नव्हती. अक्षदा आवाज जाड काढी, सोय म्हणून. मग एकदा मेथीचा भाव विचारताना तोच आवाज निघाला आणि भाजीवाला अदबीनं उठून उभा राहिला. घरी फोन केला, तर आईनं “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला.

भावेश येत राहिला, मुकाच. एका मंगळवारी त्यानं आईला बाहेर बसायला खुणावलं.

“मॅडम, शिफ्टच्या टायमाला जितेश खालून हाक मारतो. ‘चल भावड्या, बस आली.’ एक दिवस जाईन मी. कुणाला सांगू? इथं पण मेलेलाच बोलतो.” तो सरळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. “सरांना जाऊ द्या ना. तुम्ही बोला.”

या खोलीत तिच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी बोलत नसे. अक्षदाला भरून आलं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

“भावेश...”

खोलीभर विहीर घुमली. ती खाकरली, पाणी प्याली, पुन्हा बोलून पाहिलं. तोच आवाज.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. भावेश उठला. अक्षदानं ओठ घट्ट मिटले आणि आपल्या इवल्याशा दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

त्यानं हात सोडवून घेतला नाही. कान मात्र खिडकीकडेच होते.