दाराकडे तोंड केलेले बूट

मित्रांनो, माझ्याजवळ नाक आणलेत तर तुम्हाला दोन वास येतील. आधी बुटांचा, मग अगदी खोलवरून पावाचा. मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. सुताराने मला बेकरीसाठी बनवले होते. तेव्हा गरम पाव माझ्या फळ्यांवर निवत आणि येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकाने बघत. खरे तर ते पावांकडे बघत. पण शेजारी उभे राहिले की थोडे कौतुक आपल्याही अंगावर सांडते. बेकरी बंद झाली आणि मी या निवासी बालवाडीत आले. पावांवरून थेट बुटांवर. अशी बदली वैऱ्याचीही होऊ नये. त्यात हलवाहलवीत माझ्या एका पायाचा टवका उडाला आणि मी डुगडुगू लागले. "सुतार बोलावते," असे मोठ्या बाई म्हणाल्या, त्याला आता सहा वर्षे झाली.

मोठ्या बाई म्हणजे या शाळेचे घड्याळ. मुले सोमवारी येतात, शनिवारी दुपारी घरी जातात. आल्याबरोबर बाहेरचे बूट माझ्या कप्प्यात, टाचा बाहेर, आणि पायात कापडी सपाता. मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कप्प्यावर चित्र आहे, आणि मुलांना हाकाही त्याच चित्रांनी पडतात. छत्री नावाचा मुलगा रडका, पण जेवायला पहिला. किटली नावाची मुलगी थापाडी, पण गोड. अशा चोवीस जोड्या मी सांभाळते. कोणाचा तळ कोणत्या बाजूने झिजतो, हे त्याच्या आईपेक्षा मला जास्त ठाऊक.

त्या सोमवारी कासवाच्या रिकाम्या कप्प्यात लाल बूट आले. मुलगी चार वर्षांची. आई लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर. लेकीच्या बुटांचे बंद सोडवत ती घाईघाईने म्हणाली, "रडायचं नाही हं बाळा. हे बूट परत पायात घातलेस ना, की आई आलीच समज." आणि बस गाठायला पळाली.

तासाभरात कासव रांगेतून निसटली, बूट चढवले आणि माझ्या खालच्या फळीवर दाराकडे बघत बसली. बाईंनी बूट उतरवले. दुपारी पुन्हा तेच. मंगळवारी चार वेळा, तेही डावा-उजवा उलटा.

"हा हट्ट इथे चालायचा नाही," बाई म्हणाल्या, आणि बुधवारी लाल बूट माझ्या सर्वांत वरच्या फळीवर गेले. कासवाने जेवण सोडले. गुरुवारी बाईंनी तिच्या आईसाठी चिठ्ठी लिहिली: मूल रुळत नाही, सामानासकट घेऊन जावे. ती त्यांनी माझ्याच डोक्यावर ठेवली.

"बाई, तिच्या आईला दुसरं कोणी नाही," साफसफाईच्या मावशी म्हणाल्या. "पोरीला घरी ठेवायचं तर नोकरीच सोडावी लागेल तिला."

"मावशी, एकीला सूट दिली की उद्या चोवीसजण बूट घालून बसतील."

शुक्रवारी मावशी मला पुसत होत्या. कासव बादलीशेजारी उकिडवी बसली.

"मावशी, आई आता येणारच नाही?"

"का गं? उद्या येईल की."

"कशी येईल? बूट वर आहेत. बूट घातले की आई येते. तीच म्हणाली."

मावशींच्या हातातले फडके थांबले. मागे दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. दोन दिवस त्या 'बूट काढ' म्हणत होत्या, मग बूटच वर ठेवून दिले होते. 'का घालतेस' हे विचारायचे राहूनच गेले होते. मीही त्यातलीच. मला तोंड नाही, ही माझी सबब.

बाई खाली बसल्या. गुडघे कटकन वाजले. "अगं, बुटांनी आई येत नाही. आई आली, की मग बूट घालायचे."

कासवाने मान हलवली, पण पटल्याची नव्हे. मग बाईंनी लाल बूट खाली काढले आणि तिच्या कप्प्यात ठेवले, पण टाचा आत आणि तोंडे दाराकडे.

"हे बघ, हे वाट बघतील. त्यांना दुसरं काम नाही. तू जेवून ये."

"ते झोपले तर?"

"माझ्या शाळेत वेळेआधी कोणी झोपत नाही."

कासव जेवली. मधून दोनदा उठून बघून गेली. बूट जागेच होते. संध्याकाळपर्यंत छत्रीचे बूट वळले, मग किटलीचे, मग चोवीसच्या चोवीस जोड्या. बाईंनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

शनिवारी दुपारी आई आली, बसच्या धुळीने माखलेली. कासव सपातांतच धावली आणि मध्येच थबकली. तिने आपल्या पायांकडे पाहिले.

"मी बूट घातले नव्हते," ती म्हणाली. "तरी आलीस?"

आईला काही उमगले नाही. तिने लेकीला उचलून घेतले. "अगं, येणारच की."

बाईंनी माझ्या डोक्यावरची चिठ्ठी उचलली. माझ्या फळ्या ताठल्या. बाईंनी तिच्या चार घड्या केल्या, वाकल्या आणि माझ्या आखूड पायाखाली ती सरकवली.

सोमवारी कासवाने आपले बूट स्वतःच कप्प्यात ठेवले. टाचा बाहेर.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मांडणीला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, तिच्यावर चढू नका. आणि कोणाची वस्तू उंच फळीवर ठेवण्याआधी त्याला 'का रे?' एवढे तरी विचारा. तुम्हाला तोंड आहे.

सुतार अजून आलेला नाही. पण मी आता डुगडुगत नाही.