धुतलेली लेबलं

त्या शनिवारी ओडेसा वडिलांकडे पोचली तेव्हा रोस्को टिलरी न्हाणीघरात टबाशी गुडघे टेकून बसले होते. कोमट पाण्यात एक जुनी रेकॉर्ड होती आणि तिच्या मधल्या कागदी लेबलाचा लगदा ते अंगठ्याने खरवडत होते. वय साठीच्या घरात, नोकरी ब्राउन्सव्हिलमध्ये सिटी बस चालवण्याची, पण हे काम अजून तिशीतल्यासारखं चोरून चाललेलं. कुठल्या रेकॉर्डमधले चार ठोके उचलून आपण रॅपचं गाणं बांधलं हे दुसऱ्या टोळक्याला कळता कामा नये, म्हणून लेबल धुऊन टाकायचं, ही त्यांच्या पिढीची रीत.

"आता कोण चोरणार आहे, डॅडी?" ती दारातूनच म्हणाली. "फोन धरला की तोच सांगतो गाण्याचं नाव."

"तुझ्या फोनला म्हणावं, आधी पाण्यात हात घाल."

मग त्यांनी मासे तळले, मक्याच्या कण्यांची ग्रिट्स ढवळली आणि जेवताना एक नवा ठेका ऐकवला. ओडेसा कॉलेजात कविता शिकवायची; मांडीवर मुलांचे पेपर होते. कसं वाटलं, त्यांनी विचारलं. चांगलं आहे, ती मान वर न करता म्हणाली. ते हसले आणि तिखट सॉसची बाटली शोधायला उठले.

रविवारी पहाटे, डेपोत, पहिली फेरी निघण्याआधी ते स्टिअरिंगवर डोकं टेकून गेले.

गाण्यात गोड काही नको, हा तिशीत त्यांचा आणि त्यांच्या ठेक्यावर रॅप म्हणणाऱ्या क्लीव्हन बँक्सचा हट्ट होता. क्लीव्हनला सगळे बोन्स म्हणत. रोस्कोंचा ठेका असा, की बंद लोखंडी दारावर कुणी मूठ आपटतंय. त्यावर बोन्सचे शब्द, जिन्यातल्या अंधाराचे, मेलेल्या मित्रांचे, शिव्यांनी शिगोशीग भरलेले. आधी गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकल्या, मग रेकॉर्ड कंपनी दारात आली, मग पार ओसाकात त्यांच्या नावाचे टी-शर्ट निघाले. सगळं मिळून पाचेक वर्षं. पुढे चकचकीत कपडे घालून नाचवणारे आले, आणि कंपनीने दर कडव्यामागे एका मुलीचा लाडिक आवाज मागितला. रोस्को नाही म्हणाले. नवा करार आलाच नाही. जे हो म्हणाले, त्यांनाही लोक दोन वर्षांत विसरले. रागाचीही फॅशन येते आणि जाते, असं ते बस चालवण्याच्या परीक्षेचा अभ्यास करताना एकदा म्हणाले होते. तक्रार म्हणून नव्हे. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण ठरलं होतं, आणि तिथे बोन्सकाकांना दोघांचं पहिलं गाणं म्हणायचं होतं. व्हर्लीनआत्या आडवी आली. रोस्कोंची ही थोरली बहीण दर रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायची. बोन्सकाका म्हणाले, शिव्या गाळून म्हणतो.

"मग उरेल काय बाबा? 'आणि' आणि 'पण'?"

तरी ती शेवटी कबूल झाली. जुनं रेकॉर्डिंग वाजवायचं नाही, बोन्सने स्वतः, तोंड सांभाळून म्हणायचं. म्हणजे नुसता ठेका हवा. तो ज्या जुन्या रेकॉर्डमधून उचलला होता, ती रेकॉर्ड हवी. आणि रोस्कोंच्या घरी भिंतीशी शेकडो रेकॉर्ड उभ्या होत्या, सगळ्यांची लेबलं धुतलेली. शत्रूंसाठी केलेला बंदोबस्त घरच्यांवरच उलटला होता.

दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी बोन्सकाका तिथेच जमिनीवर एकेक रेकॉर्ड लावत बसले. ओडेसा स्वयंपाकघरात शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या मॅकरोनीच्या ताटल्या झाकत होती. तुतारी वाजली, बायकांचा कोरस वाजला, कुणाची तरी लाडीगोडी. मग एक लगबगीचा पियानो, आणि त्याच्याआधी चिमणीने चोच उघडावी तसा बारीकसा आवाज.

काकांनी सुई उचललीसुद्धा.

ओडेसा ओल्या हातांनी बाहेर आली. "काका, तीच. पण वेग कमी करा. डॅडी ती हळू लावायचे."

त्यांनी वेगाचा खटका फिरवला. तो बारीक आवाज आता कुणा म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आला. वादक वाजवण्याआधी घसा खाकरत असावा. मग पियानो, जड, एकेक पायरी उतरत. बोन्सकाकांनी डोळे मिटले.

"हा खोकला आमच्या गाण्यात नाही," ते म्हणाले. "रोस्कोने तो कापला होता. मलाच माहीत नाही, तर तुला कुठून? रोस्को तर म्हणायचा, माझ्या पोरीला यातलं काही सोसत नाही."

रेकॉर्ड फिरत होती तिकडे ओडेसा वळली, मशीनपुढच्या वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"डॅडी, मी झोपलेली नसायचे," ती म्हणाली. "तुम्ही माझं दार लोटून जायचात, आणि मी भिंतीला कान लावून बसायचे. आजही वर्गात कविता वाचते ना, ती तुमच्या ठेक्यावरच वाचते."