मनोऱ्यापासून चौथी

थोरला भाऊ आणि मी सहा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही, आणि नोकरी मात्र एकाच पुलावर.

खाडीवरचा हा पूल तिरक्या केबलींनी मनोऱ्याला टांगलेला आहे. केबली तपासायचं काम माझं, दुरुस्ती त्याची. बोलणंच नाही, म्हणून मी चिठ्ठी लिहून मनोऱ्याच्या खोलीत खिळ्याला अडकवतो. काम झालं की तो तिच्यावर सही ठोकतो. सहीसुद्धा अशी, की जणू माझ्या थोबाडावरच केली आहे.

सोमवारी मी लिहिलं, "चौथी केबल. तळाची पकड सैल." मंगळवारी सही आली. बुधवारी वारा सुटला आणि तीच केबल थडथडायला लागली. नट तसेच ढिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काम न करता सही? तडक साहेबांकडे गेलो आणि सहा वर्षांचं साठलेलं सगळं ओकलो. साहेबांनी वाहतूक थांबवली, थोरल्याला बोलावून चिठ्ठी समोर धरली. तो चिठ्ठीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. चकार शब्द काढला नाही. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

नट आवळायला मग मलाच जावं लागलं. परतताना मनोऱ्याकडच्या एका केबलीच्या पकडीवर ताजं ग्रीस दिसलं. नट करकचून आवळलेले. मनोऱ्यापासून मोजली, तर चौथी. केबलींवर रंगवलेले आकडे खाऱ्या वाऱ्यानं कधीच पुसलेत, त्यामुळे मोजायचं मनोऱ्यापासून, हा इथला नियम. सोमवारी मी काठाकडून सुरुवात केली होती आणि तिकडूनच मोजत गेलो होतो.

मनोऱ्याच्या खोलीत थोरला नट आवळायचे आपले पाने पिशवीत भरत होता.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"चिठ्ठी बघताच."

"मग साहेबांसमोर दातखीळ का बसली?"

"बोललो असतो तर तू घरी बसला असतास आणि विषय संपला असता." त्यानं पिशवीची चेन ओढली. "आता बस जन्मभर माझ्या उपकारात."

आणि हसला. ते हसू मी लहानपणापासून सोसत आलोय. याचे उपकार? त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली. मी साहेबांच्या खोलीकडे निघालो.

मागून पिशवी आपटल्याचा आवाज आला, मग धावत्या पावलांचा.

"थांब," थोरला ओरडत होता. "सांगू नकोस त्यांना."

मी झपाझप पावलं उचलली.