गाईच्या पोटातलं सामान

मावशीच्या गाईनं तीन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही, तेव्हा गुरांचा डॉक्टर आला. त्यानं गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "पोटात प्लास्टिक आहे. आत्ताच कापून काढावं लागेल."

मावशीनं गाईच्या गळ्यात हात टाकला. मागंपुढं कुणी नसलेली बाई, या एका गाईच्या दुधावर तिचं घर चालतं. गावातल्या निम्म्या चुलींवरचा चहाही त्याच दुधाचा. "काप बाबा," ती म्हणाली, "पण जगव तिला."

प्लास्टिक आलं कुठून हे सांगायला ज्योतिषी नको. दोन वर्षं झाली, पार्सलवाला रोज गाडी भरून गावात येतो. लागतं ते येतं, लागत नाही ते तर आधी येतं. आणि वेष्टणं सगळी ओढ्यात. पाऊस नेईल म्हणतात. पाऊस नेतोही, पण खालच्या कुरणापर्यंतच, आणि तिथंच मावशीची गाय चरते.

डॉक्टरनं गाय खुंटाला आखडून बांधली, कुशीत सुई टोचून ती जागा बधिर केली आणि उभ्या गाईचं पोट उघडलं. तोवर सगळं गाव अंगणात जमलं होतं. डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि एक लांबच लांब निळी पिशवी घेऊन बाहेर आला.

"अगं बाई, ही माझ्या मिक्सरची!" शिंपीण आनंदानं ओरडली.

"मिक्सरची कसली? माझ्या पंख्याची आहे," लोहार म्हणाला. "बघ, त्यावर बाण आहे."

"बाण माझ्याही पिशवीवर होता!"

"भांडू नका," डॉक्टर म्हणाला. "आत पुष्कळ आहे, सगळ्यांना पुरेल."

मग फुगेवालं प्लास्टिक निघालं. मास्तरांनी काडीनं एक फुगा दाबला, तो फटकन वाजला. "एवढं रवंथ होऊनही शाबूत! याला म्हणतात क्वालिटी," मास्तर म्हणाले, आणि चारचौघांनी माना डोलावल्या. इकडं गाईचे पाय थरथरत होते आणि मावशी तिचं तोंड कुरवाळत होती.

दोन बादल्या भरल्या. तिसरीत एक चकचकीत कार्ड पडलं. शिंपीण पुढं धावली. "माझं गॅरंटी कार्ड! चार महिने शोधतेय. डॉक्टर, जरा पुसून द्या ना. मिक्सर बंद पडलाय, नवा मिळेल."

"आणि तो नवा कशात गुंडाळून येईल गं?" मावशीनं विचारलं.

मला भारी हसू येत होतं. या लोकांना लाजलज्जा नाही, असं मी शेजाऱ्याच्या कानात सांगतच होतो, तेवढ्यात डॉक्टरच्या मुठीत एक चंदेरी पिशवी आली. पाठ खाजवायच्या यंत्राची. गावात ते यंत्र एकट्याकडंच आहे. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, तुमचंच ना?"

मी "हो" म्हणालो. मला दोन हात आहेत, घरात बायको आहे, तरी मी ते यंत्र मागवलं होतं. गाईकडं बघायची मला फार लाज वाटली.

पाच बादल्या भरल्यावर डॉक्टरनं टाके घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाईनं मूठभर हिरवा चारा खाल्ला. मावशी पदरात तोंड घालून रडली, मग डोळे पुसून बादल्यांपाशी उभी राहिली. "ज्यानं त्यानं आपलं उचला," ती म्हणाली. "आजपासून वेष्टण घरातच ठेवायचं. ओढ्यात काही दिसलं तर दूध बंद."

बिनदुधाचा चहा कोण पिणार? लोक बादल्या घेऊन गेले. पंधरवड्यात लोहाराची खाट वेष्टणांच्या ढिगावर चढत छताकडं सरकली, शिंपिणीला चुलीपाशी अंग चोरून जावं लागायचं. मास्तर वर्ग संपला तरी शाळेतच बसून राहत, कारण घरात त्यांच्या खुर्चीवर खोकी होती. मग मागवणं आपोआपच कमी झालं. एकानं दुसऱ्याचा मिक्सर उसना नेला आणि गावावर आभाळ कोसळलं नाही.

परवा पार्सलवाला माझ्या दारात आला. पाय चेपायचं यंत्र, मी त्या प्रकाराआधीच मागवलेलं.

"परत ने," मी म्हटलं.

"नेतो, पण नाकारायचं कारण लिहावं लागतं."

मी जरा विचार केला. "लिही, गाईला पचत नाही."

त्यानं ते तसंच लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.