लाँड्रीच्या फळीवरची बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे. खांद्याला लावायची, दोन कप्प्यांची. मित्रांनो, बॅगेचं आयुष्य तसं मजेचं असतं. वर्षभर कपाटावर धूळ खायची आणि सुट्टी लागली की सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात बसायचं. माझंही असंच जाईल, असं मी धरून चालले होते.

कारखान्यात मला शिवणाऱ्या बाईने माझ्या पट्ट्यांना दुहेरी टाका घातला आणि शेजारणीला म्हणाली, "ही काही लवकर तुटत नाही." ते कौतुक मी अजून मिरवते. पुढे एका मोठ्या बहिणीने मला धाकटीच्या लग्नात भेट दिलं आणि धाकटी माझी मालकीण झाली. सुरुवातीला मी खूप हिंडले. समुद्र पाहिला, डोंगर पाहिले. मालकिणीचा नवरा मला स्वतः उचलायचा. चारचौघांत त्याच्या बोलण्यात साखर असे.

घरात मात्र तो निराळा होता. जेवण गार झालं म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून, कधी काहीच कारण नसताना तो मालकिणीवर हात उचलायचा. त्यांच्या लहान मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. बाबांचा आवाज चढला की ती पलंगाखाली शिरायची आणि अजिबात हलायची नाही. मी कपाटावरून सगळं बघायचे. बघण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

एकदा मालकीण बाजारात जाते म्हणून निघाली आणि मला घेऊन एका इमारतीच्या मागच्या खोलीत गेली. घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारं ते केंद्र होतं. तिथल्या ताई चष्मा कपाळावर सारून ऐकत होत्या. "नवऱ्याला सोडा" असं त्या म्हणाल्या नाहीत. "सोसा" असंही म्हणाल्या नाहीत.

"कधी निघायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "तयारी मात्र आजपासून करू."

मग त्यांनी तिला एकेक गोष्ट समजावली. भांडण पेटलं की स्वयंपाकघराकडे जायचं नाही, तिथे सुऱ्या असतात. केंद्राचा नंबर पाठ करायचा, कुठेही लिहायचा नाही. एक बॅग भरून घराबाहेर ठेवायची आणि तिची खबर एकाच माणसाला द्यायची. "आणि वेळ आली तेव्हा बॅग हाताशी नसली, तर तिच्यासाठी थांबायचं नाही," ताईंनी बजावलं. खरं सांगते, ते ऐकून मला जरा लागलं.

ते एक माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या लाँड्रीतली काकू. "ठेव गं इथे," ती म्हणाली. "एवढ्या गठ्ठ्यांत कोण बघतंय? आमच्या ह्यांनाही सांगत नाही." अशी मी वरच्या फळीवर जाऊन बसले. माझ्या पोटात दोघींचे कपडे होते, कागदपत्रांच्या झेरॉक्स होत्या आणि भिंगरीच्या खोकल्याचं औषध. मालकीण चादरी टाकायला आली की मला खाली घ्यायची आणि भिंगरीचा आखूड झालेला फ्रॉक काढून मोठा ठेवायची. मुलगी वाढत होती, ते मला त्या फ्रॉकांवरून कळायचं.

"इतक्यात नको, काकू," ती म्हणायची. "भिंगरीची परीक्षा होऊ दे." पुढच्या वेळी म्हणायची, "सासूबाईंचं ऑपरेशन होऊ दे." काकू मला परत वर ठेवायची.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि दुकान काकांच्या हाती आलं. काका मनाने लोण्यासारखे. गिऱ्हाइकाची वस्तू फळीवर पडून राहणं म्हणजे त्यांना स्वतःची नाचक्की वाटे. त्यांनी मला खाली काढलं, कपडे बाहेर घेतले आणि कॉलरच्या आतली शाईची खूण पाहिली. कुठल्या घरचा कपडा ते कळावं म्हणून लाँड्रीत अशी खूण करतात. बिचाऱ्यांनी सगळे कपडे पुन्हा धुतले, फ्रॉकच्या झालरींना जपून इस्त्री केली, झेरॉक्ससुद्धा नीट खाली ठेवल्या आणि मला स्वतः घरपोच नेलं. मला त्या घरी न्यायचं नव्हतं, पण काकांना ते कळणार कसं?

दार नवऱ्याने उघडलं.

"वहिनींची बॅग राहिली होती आमच्याकडे," काका म्हणाले.

"बरं झालं आणलीत," तो हसून म्हणाला. "चहा घेणार?"

काका खुशीत परत गेले. नवऱ्याने दार लावून माझ्यातली एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि दाराकडे तोंड करून बसला. मालकीण भिंगरीला शाळेतून घेऊन आली, तेव्हा तिला आधी ते इस्त्रीचे फ्रॉक दिसले.

"कुठे निघाली होतीस?" त्याने अगदी हळू विचारलं.

पुढचं मी सांगणार नाही. भिंगरी पलंगाखाली होती एवढंच सांगते.

सकाळी तो आंघोळीला गेला. सगळं सामान पुन्हा कोंबलेली मी न्हाणीघराच्या दाराशीच पडले होते. मालकीण भिंगरीचा हात धरून अनवाणी बाहेर आली. तिने मला पाहिलं आणि एक पाऊल माझ्याकडे टाकलं. इतक्यात आतला नळ बंद झाला. ती मागे वळली आणि आवाज न करता घराचं दार ओढून निघून गेली. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता.

आता तोच मला खांद्याला लावून दारोदार फिरतो. मोठ्या बहिणीकडे झालं, मैत्रिणींकडे झालं. प्रत्येक दारात तो मला पुढे धरतो. "घाईत सामान विसरून गेली हो. लेकीचं औषध आहे यात. पत्ता सांगा, दारात ठेवून येतो." माझ्याकडे बघून लोकांचा जीव कळवळतो. केंद्राचाही त्याला कुठूनसा सुगावा लागला, पण तिथल्या ताई तेवढ्या बधल्या नाहीत. "इथे कोण येतं, ते आम्ही कुणालाच सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि मलाही ठेवून घेतलं नाही.

आज आम्ही भिंगरीच्या जुन्या शाळेत आलो आहोत. तिथल्या शिपाईण मावशींचे डोळे भरून आले. "थांबा, नव्या शाळेचं नाव विचारून येते," म्हणत त्या आत गेल्या आहेत.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझ्यासारखी बॅग घेऊन कुणी तुमच्या दारात आलं आणि पत्ता विचारू लागलं, तर माझी दया येऊ देऊ नका. मला त्या दोघींची फार आठवण येते. तरीही मला त्यांच्यापर्यंत पोचवू नका.