बिनधुराचा जनरेटर

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. दोन चाकांचा, एका दांड्याचा, ओढून कुठेही नेता येईल असा. एके काळी मी कुणाला भीत नसे. आता मात्र त्या दुपारची आठवण झाली की बंद असतानाही माझे नटबोल्ट थरथरतात.

कारखान्यात मला जोडताना माझ्या पोटावर एक खटका बसवला गेला. खटका डावीकडे केला की मी पेट्रोलवर चालतो, उजवीकडे केला की सिलिंडरच्या गॅसवर. मला त्याची भारी ऐट होती. ताटात पडेल ते खाणारा पाहुणा सगळ्यांनाच आवडतो, असा माझा समज होता!

माझा मुक्काम पडला अंडी उबवण्याच्या एका शेडमध्ये. मालक दादा आणि त्यांची धाकटी बहीण, जिला दादांसकट सगळे ताई म्हणत. मोठ्या पेटीत एका वेळी सहाशे अंडी, आणि एकवीस दिवस त्यांना सारखी ऊब हवी. वीज फार वेळ गेली की पिल्लं कवचातच संपतात. तसं होऊ नये म्हणून मला आणलं होतं.

दादा पक्के पेट्रोलवाले. "कॅन आणला, ओतलं, झालं काम!" म्हणायचे. पण माझा धूर असा की ताई नाकाला पदर लावत. म्हणून मला शेडपासून दूर, पत्र्याच्या आडोशाला ठेवत. मला फार राग यायचा. सहाशे जिवांचा भार माझ्यावर आणि मी मात्र उन्हातान्हात! तरी वीज आली की ताई माझ्या टाकीवर थाप मारून "शाब्बास रे!" म्हणत, तेव्हा माझा रुसवा पळून जाई.

मग कित्येक महिने वीज गेलीच नाही. कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. टाकीतलं पेट्रोल शिळं झालं आणि त्याचा चिकट साका माझ्या घशात अडकला. एका सकाळी वीज गेली. दादांनी दोरी ओढून ओढून खांदा भरून आणला, पण मी साधा खोकलोही नाही. संध्याकाळी ताई गार पडलेली अंडी टोपल्यांत भरत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, आता पुरे झालं तुझं पेट्रोल," त्या म्हणाल्या. "गॅस कितीही दिवस पडून राहिला तरी शिळा होत नाही."

दादांनी हात टेकले. मिस्त्रीने माझा घसा साफ केला, सिलिंडरची नळी जोडली आणि मी पहिल्याच ओढीत सुरू झालो. काळा धूर नाही, उग्र वास नाही. दोघं बघतच राहिले.

पुढच्या खेपेला विसाव्या दिवशी गारांचं वादळ आलं आणि भर दुपारी वीज गेली. काही पिल्लं बाहेर आली होती, बाकीची कवच टोचत होती.

"आता कुठे वास येतोय याचा?" ताई म्हणाल्या. "घे की आत. बाहेर कशाला गारांचा मार खायचा?"

दादांनी मला आत ओढलं. ऊब टिकावी म्हणून खिडक्यांना पोती लावली, दार घट्ट लोटलं आणि ते जेवणाचा डबा आणायला घरी गेले. मी आनंदाने फुगलो होतो. अखेर मला घरात जागा मिळाली!

थोड्या वेळाने ताईंनी कपाळ दाबलं. "उपाशीपोटी हे असं होतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आणखी थोड्या वेळाने पिल्लांची चिवचिव कमी झाली. मग थांबलीच. काय झालं ते बघायला ताई उठल्या आणि त्यांचे गुडघे मोडल्यासारखे झाले. त्या जमिनीवर कोसळल्या.

मित्रांनो, मी हादरलो. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. हे मीच करत होतो! माझ्या श्वासातून काय बाहेर पडत होतं ते मलाही दिसत नव्हतं. मला थांबायचं होतं, पण यंत्राला स्वतःहून थांबता येत नाही. मी घरघरतच राहिलो.

दादांनी दार ढकललं आणि त्यांच्या हातातला डबा खाली पडला. "ताई! अगं ताई, डोळे उघड!" त्यांनी ताईंना फरफटत बाहेर गारांमध्ये नेलं.

ताई वाचल्या. बाहेर आलेल्या पिल्लांपैकी एकही वाचलं नाही.

"पेट्रोल असो की गॅस, जनरेटरमधून विषारी वायू बाहेर पडतोच, आणि त्याला ना रंग असतो ना वास," डॉक्टर दादांना म्हणाले. "पेट्रोलच्या वासाने तुम्ही दूर तरी राहत होता. आणखी दहा मिनिटं उशीर केला असता, तर बहीण गेली असती."

दादा शेडमध्ये परत आले. त्यांनी फडक्याने माझ्या पाठीवरची धूळ पुसली. 'बंद जागेत चालवू नये.' छापलेली ओळ त्यांनी दोनदा मोठ्याने वाचली आणि माझ्याशेजारीच मटकन खाली बसून ते रडले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, मला काय पाजायचं यावर खुशाल वाद घाला. पेट्रोल घातलंत तर काम झाल्यावर टाकी रिकामी करा. गॅस लावलात तर नळी तपासा. वरून छप्पर द्या, अंगावरची धूळ पुसा. पण मी कितीही गुणी वाटलो, माझी कितीही दया आली, तरी मला आत घेऊ नका. तुमच्यावर माझा जीव आहे, म्हणून सांगतो.